अप्पांच्या पेटीचे वरचे सूर

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी कचेरीत नवा कारकून होतो आणि माझ्याकडे गिटार होती. गावात गिटारी अशा कितीशा असणार! माझा तोरा काही विचारू नका. नव्या जिल्ह्याच्या सोहळ्यासाठी आमच्या कचेरीचं एक गाणं बसत होतं. पेटीवर अप्पा. त्यांचं किराणा दुकान होतं, आणि दर सोमवारी महादेवाच्या देवळात ते भजनाला पेटी वाजवायचे. पेटी वडिलांची. ती एकदा मोठ्या मांडवात वाजावी, एवढीच म्हाताऱ्याची हौस.

त्या वर्षी पावसाचा पत्ता नव्हता, नुसता फुफाटा. गिटारीत धूळ गेली म्हणून मी सगळ्या तारा एकदम काढल्या. तारांखालची लाकडी घोडी नुसती त्यांच्या दाबानं उभी असते, तीही निघाली. पुसून झाल्यावर ती अंदाजानं ठेवली आणि तारा चढवल्या. तालमीत मोकळ्या तारा पेटीशी झकास जुळल्या, पण गिटारीच्या दांडीवर वरच्या पडद्यांवर गेलो की कानाला टोचायचं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अप्पा, तुमच्या पेटीचे वरचे सूर उतरलेत. देवळात चालत असेल, इथं नाही चालायचं."

अप्पांनी एकेक पट्टी पुन्हा दाबून ऐकली. "मला तर बराबर वाटायलंय. पन साहेब, तुमचा कान शिकलेला."

कसला डोंबलाचा शिकलेला! नांदेडात दोन महिने एकाकडे शिकायला गेलो होतो, बस्स.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उघडली. मी वरचा स्वर छेडायचा, ते सूर चढावा म्हणून बारीक कानशीनं आतली पितळेची पाती घासायचे. "आता?" "अजून थोडं, अप्पा." मला लाज कशी वाटली नाही!

पुढच्या आठवड्यात तारा घ्यायला नांदेडला गेलो. दुकानदारानं मोकळी तार वाजवली, मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवली, आणि तोंड वाकडं केलं. अंगठ्यानं घोडी गव्हाच्या दाण्याएवढी मागं सारली. "घोडी पुढं सरकलेली हाय की, म्हणून वरचे सूर चढायलेत. इतके दिवस कानात बोळे घातले होते का?" पुन्हा वाजवलं, तर वरचे स्वर स्वच्छ. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बसमध्ये ठरवलं, जाऊन अप्पांना सगळं सांगायचं. पण सांगणं राहूनच गेलं.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी शेवटची तालीम झाली. आता गिटार बरोबर होती आणि पेटीचे वरचे सूर चढून ओरडत होते. सगळ्यांनी ऐकलं. अप्पांचा चेहरा उतरला. "म्या जास्तच घासलं वाटतं. बापाची पेटी, माझ्याच हातानं नासली."

तेव्हाच बोलायला हवं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते.

"असू द्या, अप्पा," मी म्हणालो, "गाणं मी एकटाच सांभाळून घेतो."

अप्पांनी पेटीचं झाकण लावलं, आणि सगळ्यांसमोर हात जोडून माझी माफी मागितली.