अंगठ्याचे पाच कागद

“ये आप ही के पेपर का असर है, मॅडम,” प्रिन्सिपल सर म्हणाले आणि टेबलावरची चिठ्ठी बोटाने माझ्याकडे सरकवली.

चिठ्ठी हिंदीत होती, चार ओळींची. माझी मुलगी ललिता हिला रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बाहेर जाऊ द्यावे. खाली निळ्या शाईचा अंगठा आणि शेजारी वडिलांचं नाव. अक्षर मात्र ललिताचं. तिच्या उत्तरपत्रिका मी तीन वर्षं तपासत होते, त्यामुळे ओळखायला चष्माही लागला नाही.

मी रायपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. ललिता ध्रुव ही माझी बी.ए. फायनलची विद्यार्थिनी. गाव गरियाबंदच्या बरंच पुढे, म्हणून हॉस्टेलमध्ये राहणारी. हॉस्टेलचा नियम असा की गेटबाहेर पडायचं तर आउटपास लागतो, आणि आउटपाससाठी पालकांची चिठ्ठी. मुलगी एकवीस वर्षांची आहे, मत देऊन सरकार निवडते, पण गोल बाजारात जाऊन चपला आणायच्या तर बापाची चिठ्ठी दाखवायची. इतकी वर्षं हा नियम माझ्याही डोळ्यांसमोर होता. मी कधी चकार शब्द काढला नव्हता.

त्या सेमिस्टरला मी अमेरिकेतल्या गुलामांची आत्मकथनं शिकवत होते. बाजारात विकली गेलेली, मळ्यांवर राबवलेली माणसं सुटल्यावर स्वतःची कहाणी स्वतः सांगतात, ती ही पुस्तकं. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. मालक ओळखून होते की हा वाचायला लागला की हातचा गेला. दुसरी गोष्ट पासची. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर मालकाची चिठ्ठी जवळ हवी. म्हणून चोरून अक्षर शिकलेली काही माणसं आपला पास आपणच लिहीत. हे सांगताना मी वर्गात चांगलीच रंगात आले होते. शेवटी नेहमीचा डोस पाजला, “गाइड मत पढ़ना. पूरी किताब पढ़ो.”

नेमलेल्या पुस्तकाची आमच्या लायब्ररीत एकच प्रत. ती रेफरन्सच्या कपाटात कुलूपबंद आणि किल्लीवाले बाबू महिनाभर रजेवर. हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत असायला हवं होतं. ललिताने खेटे घातले, मग शहरातलं सार्वजनिक वाचनालय शोधलं, रविवारी दिवसभर तिथे बसून पुस्तक संपवलं आणि हॉस्टेलवर पंचवीस मिनिटं उशिरा पोचली. वॉर्डनने तिच्या गावी फोन लावला. वडील म्हणाले, “मैंने तो कोई चिट्ठी नहीं भेजी.”

झालं! जालसाजी, म्हणजे खोटी चिठ्ठी केली, म्हणून डिसिप्लिन कमिटी बसली. कमिटी म्हणजे प्रिन्सिपल, वॉर्डन आणि दोन प्राध्यापक. पुस्तक माझ्या पेपरचं, म्हणून मलाही बोलावलं होतं. प्रस्ताव एका ओळीचा होता: हॉस्टेलमधून काढून टाकावे. परीक्षा दोन महिन्यांवर होती. गावाहून रोज येणं अशक्य, शहरात खोली घेणं तिच्या घरच्यांच्या आवाक्याबाहेर. हॉस्टेल गेलं की तिची पदवी गेली, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

“मैंने सिर्फ सिलेबस पढ़ाया है, सर,” मी म्हणाले. वाक्य खरं होतं. तरी ते तोंडातून गेल्यावर मला स्वतःची लाज वाटली, कारण ललिता दाराशी उभी राहून ऐकत होती.

वडिलांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. बाहेर व्हरांड्यात मी वॉर्डनला गाठलं. पाटणकर मॅडम तात्यापाऱ्यातल्या, म्हणजे रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतल्या. आम्ही दोघी आपसांत मराठीच बोलतो.

“मॅडम, पोट्टी पुस्तक वाचाले गेली होती. पिक्चरले नाही.”

“कुठी बी गेली असन. उद्या काही झालं तं मान कोणाची धरतीन? माझीच ना?”

“पण काढून टाकाचं? परीक्षा आहे तिची.”

“तुम्ही काहून इतक्या तापून राहिल्या? जालसाजी केली तिनं. शिकवा ना पोरींले, कोण नाही म्हणते? पण इतकं नका शिकवू.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गात मळ्याच्या मालकाच्या तोंडी मी जे घालत होते, ते मला कॉलेजच्या व्हरांड्यात माझ्याच बोलीत ऐकायला मिळालं. आणि बाई वाईट नाही. आजारी मुलींच्या उशाशी रात्रभर बसते. म्हणून तर जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी वडील पहिल्या बसने आले. धुतलेला सदरा, हातात पिशवी. मी खुर्ची ओढून दिली तरी उभेच राहिले.

“ये अंगूठा आपका है?” सरांनी विचारलं.

“हव साहब, मोर ए.” माझाच, असं ते त्यांच्या छत्तीसगढीत म्हणाले.

“फोन पर तो आपने कहा, चिट्ठी नहीं भेजी.”

“भेजा नहीं, साहब. दे रखा है.”

मग त्यांनी सांगितलं. दर वर्षी कॉलेज सुरू होताना ते पाच कोऱ्या कागदांवर अंगठा उठवून मुलीजवळ देतात. गावाहून यायला-जायला दिवस मोडतो, दर चिठ्ठीला कोण येणार? तिला जे लिहायचं ते ती लिहिते.

पाटणकर मॅडमनी फाइल उघडली. तीन वर्षांत आठ चिठ्ठ्या. दिवाळीची सुट्टी, भावाचं लग्न, एकदा मलेरिया. आणि सगळ्यांत खाली ॲडमिशनच्या वेळचं अंडरटेकिंग, म्हणजे पालकाचं हमीपत्र: मुलीला हॉस्टेलच्या नियमांत ठेवीन. सगळ्यांचं अक्षर ललिताचं आणि सगळ्यांवर कॉलेजचा शिक्का. स्वतःला नियमांत ठेवण्याची हमीसुद्धा त्या पोरीनेच लिहून दिली होती!

“सर, ये जालसाजी है तो ये आठों जालसाजी हैं,” मी म्हणाले. “और आठों पर आपकी सील है.”

सर मग वडिलांवरच घसरले.

“कोरे कागज पर अंगूठा! पता भी है, कोई क्या-क्या लिख सकता है उस पर?”

“पता है, साहब. मेरे बाप का खेत ऐसे ही गया. तभी तो इसको पढ़ाया. कोरा कागज बस बेटी को देता हूँ.”

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. चाळिशीत सही शिकले आणि पहिली सही माझ्या शाळेच्या फॉर्मवर केली. मला त्यांची आठवण झाली. डोळे भरून आले आणि त्याच वेळी ते टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

सरांना आता अब्रू राखून बाहेर पडायचं होतं. निर्णय झाला: हॉस्टेल राहील, पण पालकांनी लेखी माफीनामा द्यावा. लेखी! ज्या माणसाला लिहिता येत नाही हे समोरच्या फाइलीतला प्रत्येक कागद सांगत होता, त्याने.

ललिता बाहेरच्या बाकावर बसून लिहू लागली. अंगठ्यासाठी शाईचा पॅड लागेल म्हणून मी ऑफिसात गेले. पॅड घेऊन परत आले तर माफीनामा सरांच्या टेबलावर पोचलासुद्धा होता. खाली निळा अंगठा. शाई सुकलेली. मी वडिलांच्या हाताकडे पाहिलं. अंगठा स्वच्छ होता.

पाचांतला एक कागद शिल्लक होता तर. ललिता खिडकीबाहेर बघत होती. वडील पिशवीचा बंद आवळत होते.

सरांनी माफीनामा दोनदा वाचला, शिक्का मारला, सही केली आणि फाइलला लावला. मी पॅड गुपचूप ऑफिसात नेऊन ठेवला. ललिता परीक्षेला बसली, पास झाली. हॉस्टेलचा नियम आहे तसाच आहे.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच. कागद तोच, अक्षर तेच, अंगठाही तोच. वाचायला बाहेर पडण्यासाठी लिहिलं तर जालसाजी, आणि ‘चूक झाली, माफ करा’ असं लिहिलं तर मंजूर.