मरेल कापूस

आईच्या उशीत भडगावच्या आमच्या शेतातला कापूस होता. दर उन्हाळ्यात ती उशी उसवायची, कापूस गच्चीवर उन्हात घालायची आणि पिंजून आणायची. उशी धुवायची नसते, हे तिने मला शंभरदा सांगितलं असेल. तिच्या शेवटच्या दुखण्यात उशीला औषधांचा वास यायला लागला आणि मी वैतागून ती अख्खी वॉशिंग मशीनमध्ये टाकली. वाळल्यावर आत गोळे झाले. शेवटपर्यंत आई त्या गोळ्यांवरच डोकं ठेवून झोपली.

ती गेल्यावर महिन्याभराने मी उशी देवपुरातल्या पिंजाऱ्याकडे नेली. त्याने उशीत मूठ दाबली आणि उचलली. खड्डा तसाच राहिला.

“अक्का, हाऊ कापूस मरेल शे. बठ्ठा बदलना पडी.”

बठ्ठा म्हणजे सगळा, आणि मरेल म्हणजे मेलेला. कापसाला असंच म्हणतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याच्यावर उखडले आणि उशी काखेत मारून घरी आणली.

आता ती डोक्याखाली मीच घेते. सकाळी मान धरलेली असते. आईचीही धरत असणार. मी एकदाही विचारलं नाही.