डाव्या हाताची सही

आजवर बायकोलाही सांगितलं नाही, ते आधी सांगतो. सरकारी कागदावर मी एक वाक्य लिहिलं होतं, 'अर्जदारास कोणतीही इजा झालेली नाही.' त्याचं मनगट मीच मोडलं होतं.

सोयाबीन सोंगायला, कापणीला आलं की ती घटना हमखास आठवते. वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. गोदामातून सोयाबीनची पोती गेली. खबऱ्याने मेडशीकडच्या एका मजुराचं नाव दिलं. त्याला उचलून आणलं, स्टेशन डायरीत नोंद घेतली नाही. "मी नाही केलं, साहेब," एवढंच तो सांगत राहिला. नाही म्हणणारा खोटंच बोलतो, असं धरून चालायची आम्हाला सवय लागलेली असते. दुसऱ्या दिवशी मी काठी उचलली. तिसऱ्या दिवशी गोदामाच्या चौकीदारानेच कबुली दिली, माल निघाला. मला शाबासकी मिळाली. मजुराला मागच्या दाराने सोडलं.

त्याने दिल्लीला, मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला. आयोगाचे अधिकार मोठे. साक्षीदार बोलावता येतात, स्वतःचं तपास पथक असतं. पण आधी अहवाल मागवला जातो. अर्ज जिल्ह्याला आला, तिथून उपविभागाला, आणि 'चौकशी करून अहवाल सादर करावा' या शेऱ्यासह माझ्याच टेबलावर.

जबाबाला तो बायकोसह आला.

"साहेब, कागद तं मी दिल्लीले धाडला होता. इथं कसा आला?"

"तिकडूनच आला. बस, चहा येऊन राह्यला," जमादार म्हणाले.

"ज्यानं मारलं त्यालेच इचारून राह्यले, मारलं का म्हणून?" बायको हसली. "वा रे चौकशी! वरून चहा!"

"जाऊ दे व," तो तिला म्हणाला. "याच ठाण्याखाली राहाचं हाये आपल्याले."

'माझी तक्रार नाही' या जबाबाखाली त्याने डाव्या हाताने सही केली. अक्षरं ओळीखाली घसरली. याच माणसाने पूर्वी पंच म्हणून उजव्या हाताने केलेली ठसठशीत सही एका जुन्या पंचनाम्यावर माझ्या कपाटात होती. वरच्या कुणी एवढंच विचारायचं होतं, हा डावखुरा आहे का? कुणी विचारलं नाही. वाटेतली सगळी टेबलं पोलिसांचीच. आयोगापुढे गेला तो माझा कागद. प्रकरण बंद झालं.

वर्ष उलटलं की आयोगाला जुन्या घटनेत हात घालता येत नाही, हे मला पाठ होतं. ते वर्ष मी दिवस मोजत काढलं. तेव्हा कळलं, चौकशीला येणारा माणूस खात्याबाहेरचा असता, तर मी पहिल्याच दिवशी खरं बोललो असतो.

पुढे नोकरीची वर्षं उरलेली असतानाच निवृत्ती घेतली. मागच्या हंगामात मेडशीच्या स्टँडवर दोघं दिसले. विळा तिच्याकडे, डबा त्याच्या डाव्या हातात.

"बरं हाये ना, साहेब?" त्यानेच विचारलं.

मी मान हलवली आणि एसटीत चढलो.

मनगट मी मोडलं आणि अहवाल खोटा होता, असं प्रतिज्ञापत्र माझ्या सहीने त्याच्या हातात द्यायचं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.