विलायतेचं स्वस्त मशीन

हे मी माझ्या मुलीलाही बोललेले नाही. आमच्या ह्यांना तर नाहीच — ते गेले तेव्हाही हे माझ्या पोटात तसंच होतं. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणूनच तोंड उघडतंय बहुतेक. सरळ सांगायला मला जमणार नाही. इकडून तिकडून फिरून येईन मी. पण येईन.

आधी कुसुमचं सांगते. अंबरनाथ पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये आमची दारं समोरासमोर. ती वांगणीकडची, शेतातली पोर. नवरा लवकर गेला, मुलगा कंपनीत शिफ्टला. शाळा दुसरी. माझी सातवी — आणि आमच्या मजल्यावर सातवी म्हणजे काय, बॅरिस्टरच! रेशनकार्डाचा फॉर्म असो, मुलाच्या नोकरीचा अर्ज असो, कुसुम ‘जयभीम ताई’ म्हणत दारात उभी. मला आवडायचं ते. का नाही आवडणार? कुणी आपल्याला शहाणं म्हटलं तर कोण नको म्हणतं?

मग स्टेशनरोडला सायबर कॅफे निघाला. पन्नाशी उलटल्यावर मी तिथे जाऊन बसायला लागले, कॉलेजच्या पोरांमध्ये. कुणी शिकवलं नाही हो, शेजारचा काय करतो ते तिरक्या डोळ्यांनी बघून शिकले. एका बोटाने एकेक अक्षर शोधायचं. माझा भाचा इंग्लंडमध्ये कॉम्प्युटरच्या नोकरीला, त्याला पत्र लिहायचं एवढाच सुरुवातीचा बेत. पण एकदा तिथल्या दुकानांच्या किमती बघितल्या आणि मला वेडच लागलं. मिक्सर, चष्मे, प्रेशर कुकर, आंघोळीचा साबणसुद्धा! पौंडाचे रुपये करायचे आणि आपल्या उल्हासनगरच्या भावाशी लावून बघायचे. काही गोष्टी तिथे सोन्याच्या भावाने, काही मात्र इथल्यापेक्षा निम्म्यात. बायका म्हणायला लागल्या, ‘ताई, जरा नेटवर बघा ना, आम्हाला लुटतायत का ते.’ आणि मी सांगायचे — लुटतायत!

बारवीकडच्या पाड्यावर तांदूळ एका भावाने मिळतो, तोच बाजारात येईतो चढतो, मधला माणूस खातो. जगाचाही हिशोब तसाच, असं मी धरून चालले होते. किमतीत फरक म्हणजे कुणाची तरी चोरी. एवढी सोपी समजूत. तिने मला किती मोठं केलं होतं माझ्याच डोळ्यांत!

तर कुसुमला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, घरी तपासायचं मशीन घेतलं तर बरं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, मशीन आकडा दाखवतं. आम्ही दोघी उल्हासनगरला कॅम्पात गेलो, सिंधी शेटच्या दुकानात. भला माणूस. त्याने तीन मशीनं उघडून दाखवली, स्वतःच्या बोटाला टोचून दाखवलं, कुसुमला चहा पाजला. आणि मी काय केलं? त्याचा चहा पिऊन भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, ‘शेट, हेच मशीन लंडनला निम्म्यात मिळतं. तुम्ही गरिबाच्या आजारावर कमावता.’

गिऱ्हाइकं हसली. त्याचा चेहरा उतरला. ‘मावशी, तिकडनं आणा, माझी ना नाही,’ तो म्हणाला, ‘पण मग काय अडलं तर माझ्या काउंटरवर आणू नका. मैं हाथ भी नहीं लगाऊंगा.’

‘लावू नका!’ म्हणून मी ताठ मानेने बाहेर पडले. कुसुम रिक्षात म्हणाली, ‘ताई, बिचाऱ्याचा चहा तरी पचू द्यायचा.’ आणि मग हसत सुटली. ती अशीच. कुणाचं वाईट चिंतायचं तिच्या रक्तातच नव्हतं.

भाच्याच्या पत्त्यावर मी नेटवरून मशीन मागवलं, पट्ट्यांचे डबे मागवले. सुट्टीवर आला तेव्हा तो घेऊन आला. इवलंसं, निळं, गुळगुळीत. आख्खा मजला बघायला जमला. पहिला थेंब, पहिला आकडा — एकशे चौदा! डॉक्टरांनी सांगितलं होतं, दीडशेच्या आत पाहिजे. कुसुमने माझे दोन्ही हात धरले. ‘ताई, तुमच्या हाताला गुण आहे.’

दर आठवड्याला ती तपासायची. कधी अठ्ठ्याण्णव, कधी एकशे वीस. आकडा वाचायला ती स्वतः शिकली, माझ्याकडून घोटून घोटून. शाळा दुसरी झालेली बाई मशीन लावते, वाचते, पोराला ऐटीत सांगते — ‘आज शंभराच्या आत!’ काय दिसायची ती तेव्हा! मग हळूहळू डॉक्टर सुटला. फी कशाला द्यायची, मशीन आहे ना? गोळी अर्धी झाली. बुद्धपौर्णिमेला विहारातून आणलेली खीर तिने दोन वाट्या खाल्ली, मशीनच्या भरवशावर. भरवसा माझ्यावरचा होता तो, मशीन काय बोलतं?

आता जवळ आले मी.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा चष्मा लागला, जग धुतल्यासारखं दिसायला लागलं. एक दिवस कुसुमने आकडा वाचला, ‘एकशे अडतीस,’ आणि मशीन सहज माझ्या हातात दिलं. मला दिसलं — एक, तीन, मग आजवर मला न दिसलेला बारीकसा ठिपका, मग आठ. तेरा पूर्णांक आठ. तेरा? माणसाची शुगर तेरा असते कधी?

तिला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी कॅफेत जाऊन बसले. शोधून शोधून कळलं ते असं — इंग्लंडात शुगर मोजायचं मापच वेगळं. त्यांच्या आकड्याला अठरानं गुणायचं, तेव्हा आपला आकडा येतो. मी गुणलं. अडीचशेच्या घरात. पहिल्या दिवशीचं एकशे चौदा? तेही दोनशेच्या वर. एकही आठवडा तिची शुगर ताब्यात नव्हती. एकही नाही.

आणखीही वाचलं त्या दिवशी. मशीन तिथे स्वस्त का, तर कंपनी मशीनवर कमावतच नाही, पट्ट्यांवर कमावते. इकडे आणायचं तर जकात, वाहतूक, दुकानाचं भाडं. आणि प्रत्येक देशाचं मशीन त्या देशाच्या मापाचं. शेटच्या दुकानातलं मशीन आपल्या मापाचं होतं. तो चोर नव्हता.

उठून तडक घरी जायचं, कुसुमचं दार वाजवायचं, सांगायचं, ‘चल डॉक्टरकडे.’ पाच मिनिटांचं काम. केलं का मी?

नाही केलं.

जिना चढताना मला त्या दुकानातली चार गिऱ्हाइकं आठवली. आमच्या मजल्यावरच्या बायका आठवल्या — ‘ताईंना सगळं कळतं.’ म्हटलं, आज नको, दिवाळी तोंडावर आहे. दिवाळीनंतर म्हटलं, तिच्या मुलाची नाइट संपू दे. असं आज-उद्या करत थंडी सरली. मधे मधे मी आडून सांगायचे — गोळी पूर्ण घेत जा गं, गोड जरा कमी कर. ती हसायची. ‘ताई, मशीन तुमचं, आणि भरवसा तुम्हालाच नाही?’ मग मी पण हसायचे. हसायचे मी! कळतंय का तुम्हाला? समोर बसून, माहीत असून.

उन्हाळ्यात तिला नवी चप्पल चावली. अंगठ्याशेजारच्या बोटाला एवढासा फोड. तो बरा होईना, काळा पडायला लागला. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा मी बरोबर होते. त्यांनी रक्त तपासलं — तीनशेच्या वर. डॉक्टरीणबाई कडाडल्या, ‘कधीपासून औषध बंद केलंय?’ कुसुम घाबरून म्हणाली, ‘पण मशीनवर तर नीट येत होतं...’ आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी सांगेन म्हणून. मीच तर नेहमी सांगायचे ना तिच्या वतीने? तिचा मुलगा चिडून म्हणाला, ‘आई, काय काय खात होतीस तू?’

आणि मी म्हटलं — ऐका, हेच सांगायला बसले आहे मी — मी म्हटलं, ‘किती वेळा बोलले हिला, खिरीवर ताव मारू नकोस म्हणून. ऐकते कुठे?’

कुसुमने मान खाली घातली. दोन बोटं काढली तिची.

ती दवाखान्यात असतानाच मी तिच्या घरातून मशीन उचललं. मुलाला म्हटलं, बिघडलंय, कंपनीला पाठवते. संध्याकाळी वालधुनीच्या पुलावर गेले आणि खाली नदीत टाकून दिलं. कंपनीने परत पाठवलंच नाही, असं पुढे सांगून टाकलं. कुणी विचारलं नाही पुन्हा.

त्यानंतर कुसुमने गोडाला हात लावला नाही, पण ते जाऊ दे. आकडे वाचायचेही सोडले तिने. मुलाने कॅम्पातल्याच दुकानातून दुसरं मशीन आणलं, तर ती बोट पुढे करायची आणि तोंड भिंतीकडे. सून वाचायची. मी म्हटलं एकदा, तू वाच की गं, तुला येतं. ‘नको ताई,’ म्हणाली, ‘माझ्या जिभेनेच घात केला. हावरटाला कशाला आकडे?’ मजल्यावर कुणी जेवायला बोलावलं की हात जोडून आधीच सांगायची, ‘मी हावरट आहे, मला समोर काही ठेवू नका.’ लोक हसायचे. मीही त्यांच्यात बसलेली असायचे, तोंडात लाडू.

बरीच वर्षं जगली ती त्यानंतर. समोरच्या दारात. रोज ‘जयभीम ताई’ म्हणायची. रोज सांगता आलं असतं. त्या शेटच्या दुकानातही मी कधी गेले नाही. आमच्या बायका अजून त्याला लुटारू म्हणतात. माझाच शब्द तो.

कुसुमच्या पुण्यानुमोदनाला तिच्या मुलाने मला दोन शब्द बोलायला उभं केलं. जुन्या शेजारी, म्हणून. मी तिच्या कष्टाचं बोलले, स्वभावाचं बोलले. लोकांनी डोळे पुसले. मग जेवणाच्या पंगतीत तिच्या नातीने खीर दुसऱ्यांदा मागितली, तर मुलगा तिला म्हणाला, ‘पुरे. आजीसारखी हावरट होऊ नकोस, आजीची बोटं त्यानेच गेली.’ पोरीने वाटी मागे ओढली. मी तिच्या शेजारीच बसले होते. ऐकलं, आणि भात कालवत राहिले.