साहेबांना न दिसलेली कोंबडी

घरबांधणीचे परवाने देणाऱ्या त्या कचेरीत एक कारकून होता. त्याला सगळे ‘आडवळणे’ म्हणत, कारण सरळ बोलणं त्याच्या जिभेला झेपायचंच नाही. घरी भाजीत मीठ जास्त पडलं, की हा समुद्राबद्दल बोलू लागे. बायको म्हणे, “खारट झालीय ना? मग वरून पाणी प्या. समुद्र कशाला घरात आणताय?”

कचेरीत बोलण्यासारखं पुष्कळ होतं. फायली साहेबांच्या टेबलावर जात आणि तिथेच मुक्काम ठोकत. घराची परवानगी मागायला आलेला माणूस भाड्याच्या खोलीत म्हातारा होई. पण साहेबांना तोंडावर सांगणार कोण? म्हणून आडवळण्याने कचेरीच्या वार्षिक अंकात रूपककथा लिहिली. एक कोंबडी खुडूक होते आणि गावभरच्या अंड्यांवर जाऊन बसते. ना उबवते, ना उठते. कुणी विचारलंच तर मान न हलवता म्हणते, “विचाराधीन आहे.”

अंक निघाला. साहेबांनी आडवळण्याला आत बोलावलं.

“काय हाणलंय हो! लेखा विभागातल्या बाई अगदी डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या!”

लेखा विभागातल्या बाईंना कोंबडीत भांडारपाल दिसला. भांडारपालाला टायपिस्ट दिसली. कचेरीच्या वार्षिक समारंभात साहेबांनी ती कथा स्वतः वाचून दाखवली, तीही कोंबडीचा आवाज काढून. एकमेकांकडे बोट दाखवत सगळे पोट धरून हसले.

हसले नाहीत ते फक्त दारावरचे शिपाईकाका. दुसऱ्या दिवसापासून ते स्टुलावर बसेनात. दिवसभर भिंतीला टेकून उभे. पाय सुजले.

“काका, बसा की,” आडवळणे म्हणाला.

“नको. दिवसभर बसून असतो तो मीच ना? तुम्ही नाव घेतलं नाहीत, पण मला तेवढं कळतं.”

आडवळण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तडक साहेबांच्या खोलीत शिरला आणि जन्मात पहिल्यांदा सरळ बोलला, “साहेब, ती कोंबडी तुम्ही आहात. फायलींवर तुम्ही बसता, आणि उभे राहतात बिचारे शिपाईकाका.”

 साहेबांचे डोळे चमकले.

“वा! ‘तुम्ही’ म्हणजे ही व्यवस्था, आणि उभे काका म्हणजे जनता! पुढच्या अंकाला घ्या हे.”

आडवळणे बाहेर आला. “काका, कोंबडी म्हणजे साहेब होते हो. तुम्ही बसा.”

काका गुडघे चोळत बसले. म्हणाले, “मग कोंबडीला कशाला बदनाम केलंत? ती निदान अंडी तरी घालते!”

आडवळण्याने कानाला खडा लावला. पुढच्या वर्षी त्याने ‘छत्रीची निगा’ असा साधा, माहितीपर लेख दिला. त्यातल्या एका वाक्याखाली लाल रेघ मारून साहेबांनी त्याला बोलावलं. वाक्य होतं : ‘छत्री जुनी झाली की वारा वाहील तिकडे वळते.’

“हा मी का?”

“साहेब, छत्री म्हणजे छत्रीच.”

“मला शिकवता? रूपक कळतं मला!”

त्याच दुपारी आडवळण्याची बदली तळघरातल्या जुन्या दप्तरखान्यात झाली. साहेबांच्या टेबलावर सकाळी आली आणि दुपारी सहीनिशी बाहेर गेली, अशी तेवढी एकच फाईल कचेरीने पाहिली.