कोरडी राहिलेली माती

वार रविवार, महिना फेब्रुवारी, साल सत्तरच्या दशकातलं. बंदोबस्ताला हजर: फौजदार एक, म्हणजे मी, जमादार दोन, शिपाई चौदा, त्यातला एक त्याच सकाळी रजेवरून परतलेला. आखाड्यात हजर: पंच तीन, हलगीवाले दोन आणि शेवटच्या कुस्तीचे दोन पैलवान. ही यादी माझ्या जुन्या वहीत आहे. वही उघडली की मी या पानावर अडतो आणि तो दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

कोल्हापुरात मैदानाचा बंदोबस्त लागला की शिपाई आपणहून नावं देत. मी मात्र कुस्तीपेक्षा गर्दीकडे बघायचो. कोणत्या बाजूला गलका वाढतोय, कोण सारखं उठतंय, सगळं वेळेसह टिपून ठेवायचो.

शेवटची कुस्ती मोठी होती. यजमान पैलवान शहरातल्या नावाजलेल्या तालमीचा. पाहुणा पैलवान जयसिंगपूरकडचा. त्याचे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचं काम करत. सलामी झाली. रिवाजाप्रमाणे दोघांनी एकमेकांच्या अंगाला तांबडी माती चोळली. डोक्याला डोकं लावून दोघे भिडले आणि तसेच राहिले. दहा मिनिटं गेली, वीस गेली. ना पट काढला, ना डाव टाकला.

"अरं, घोंगडं द्या रं दोघांस्नी पांघराय," कुणीतरी ओरडलं. लोक हसले. अर्ध्या तासानंतर हसणं थांबलं.

"आपल्या गड्याला घाम तरी आलाय का बघा. माती वाळल्याली हाय अजून."

"नुरा हाय ही."

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली, लुटुपुटुची कुस्ती. कोल्हापुरात माणसाला चोर म्हटलेलं एक वेळ चालेल, नुरा खेळला म्हटलेलं चालत नाही. चाळीस मिनिटांनी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि दगड सुरू झाले. रजेवरून आलेल्या शिपायाचंच डोकं फुटलं. इतकी वाईट कुस्ती या मैदानानं पाहिली नव्हती, असं जुने लोक पुढे कैक वर्षं सांगत राहिले.

सोमवारी ठाण्यात फिर्याद आली: दोन्ही पैलवानांनी संगनमत करून प्रेक्षकांची फसवणूक केली. त्याच संध्याकाळी पाहुण्या पैलवानाच्या तालमीनं भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवला आणि त्याला पायरी बंद केली. यजमानाच्या तालमीत चौकशी केली तर तो चंदगडला नातेवाइकांकडे गेल्याचं सांगण्यात आलं. आमचे साहेब म्हणाले, "दोघांना आत घ्या." मी चार दिवस मागून घेतले.

मंगळवारी सकाळी एका गवळ्यानं मला बाजूला घेतलं. पैलवान त्याच्या गोठ्यापुढे उभं राहून म्हशीचं ताजं दूध पीत.

"माझं नाव कुठं घालू नगा, साहेब. मैदानाच्या दुसऱ्या दिवशी पावणा पैलवान माझ्याकडनं लोटीभर दूध घिऊन गेला. कुठं, म्हाईत हाय? आपल्या पैलवानाच्या भैनीच्या घरी. दोघं आतनं एकच की."

संगनमताचा धागा मिळाला असं मला वाटलं. पाहुण्या पैलवानाला दुपारी ठाण्यात बोलावलं.

"कुस्ती ठरवून केलीस?"

"न्हाय."

"मग लढला का नाहीस?"

उत्तराऐवजी त्यानं पुढ्यातलं पाणी पिऊन टाकलं.

"दूध कुणासाठी नेलंस?"

"पैलवान हाय, साहेब. दूध पितो."

"लोटी घिऊन दुसऱ्याच्या भैनीच्या दारात जाऊन पितोस व्हय?" जमादार म्हणाला. पैलवानाला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं.

"कलम लागलं तर तुला मैदान कायमचं बंद होईल, ठाऊक आहे?" मी विचारलं.

"ठावं हाय."

तीन तास गेले. खोटं बोलणारा माणूस तपशील वाढवत जातो, हा माझा अनुभव. हा काहीच वाढवत नव्हता. त्यामुळे मी जास्तच अस्वस्थ झालो. प्रश्न विचारत खोलीत फेऱ्या मारत होतो. आरोपी मी आणि फौजदार तो, असं बघणाऱ्याला वाटलं असतं.

बुधवारी जखमी शिपायाचा जबाब घ्यायला सरकारी दवाखान्यात गेलो. सही घेताना त्याचा हात धरला तर तापलेल्या तव्यासारखा लागला, आणि कोरडाठाक. नर्स म्हणाली, "ताप चढतोय. घाम सुटला की उतरेल."

मी तिथेच वही काढली. रविवारच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: 'यजमानाच्या अंगावर माती कोरडी. पाहुणा चिखलानं माखलेला.' दोघंही नुसते उभे होते, तर एकाच्या अंगावर चिखल होण्याइतका घाम कशानं आला? आणि दुसऱ्याला टिपूस का नाही? सगळ्या मैदानानं कोरडी माती पाहिली होती. ओली माती मी एकट्यानं टिपली होती आणि वही मिटून टाकली होती.

ठाण्यात परतलो. पाहुण्या पैलवानाला पुन्हा बसवलं आणि जमादाराला बाहेर पाठवलं.

"त्याला ताप होता. तू त्याला धरून उभा होतास."

त्यानं स्वतःचे तळवे उलटे करून बघितले. मग म्हणाला, "माती लावताना चटका बसला, साहेब. त्यो कानात म्हणाला, भावा, वस्तादांस्नी ठावं न्हाय, मला पडू दिऊ नगो. पाय लटलटत हुते त्याचे. तसल्याला चितपट करून मी काय मिरवनार हुतो? सोडला असता तर जागच्या जागी कोसळला असता. मग धरला."

"पंचांना का सांगितलं नाहीस?"

"जोड ठरल्याली, कागद भिंतीला लागल्यालं. आजारी हाय म्हणून मागं सरला, तर भ्याला म्हणत्यात आमच्यात."

त्याला बरोबर घेऊन यजमानाच्या बहिणीच्या घरी गेलो. यजमान पैलवान चंदगडला गेलाच नव्हता; दोन गोधड्यांखाली पडला होता. उशाशी डॉक्टरांची चिठ्ठी, मैदानाच्या दोन दिवस आधीची: विषमज्वर. मला बघून त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी जबाब लिहायला घेतला, तर पाहुण्या पैलवानानं कागदावर हात ठेवला. "त्याचा ताप कागदावर आला, तर लोक त्याच्या वस्तादाला खातील. आजारी गडी उतरवला म्हनून. त्यो जित्ता हाय तवर नगो."

"आणि तुझं नाव?"

"ते मी बघतो."

मी शब्द दिला. पुरावा नाही, फिर्याद गैरसमजातून, असा अहवाल देऊन प्रकरण मिटवलं. साहेब खूश झाले. नुरा खेळल्याचं बोट पाहुण्या पैलवानाकडेच राहिलं. त्याला पुन्हा मोठं मैदान मिळालं नाही. वडिलांबरोबर धावा तापवत राहिला आणि वयाच्या आधीच वारला.

गुन्हा शाबीत झाला नाही एवढ्यावर आम्ही पोलीस फाईल बांधतो. फाईल बांधल्यानं माणूस मोकळा होत नाही, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. आणखी एक: सगळे एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतील, तर शेजारची गोष्ट बघावी.

यजमान पैलवान गेल्या थंडीत गेला. शब्द संपला. त्याच्या बहिणीला विचारून मी एस.टी.नं जयसिंगपूरला उतरलो आणि पाहुण्या पैलवानाच्या तालमीत गेलो. ओट्यावर एक म्हातारे पैलवान बसले होते. त्याचं नाव सांगितल्यावर म्हणाले, "कोन? त्यो नुरावाला व्हय?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, वही दाखवली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, उठले आणि मला आत नेलं. भिंतीवर फोटोंची रांग होती. मध्ये एक जागा रिकामी, खिळा तसाच.

"आणा फोटो," ते म्हणाले. "मी माझ्या हातानं लावतो."

पाहुण्या पैलवानाच्या घरच्यांकडे गेलो. तालमीतून परत आलेला फोटो पेटीत होता, पेटी पुरात गेली. ज्यानं काढला त्याचा स्टुडिओ बंद झालाय. त्या फोटोवाल्याचा मुलगा सांगलीला असतो म्हणतात, पत्ता कुणाला माहीत नाही. वहीच्या त्याच पानावर खाली मी लिहून ठेवलंय: 'फोटो मिळवणे.' पुढे बरोबरची खूण अजून नाही.