गजऱ्यांवरचं ओलं फडकं

गेल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता आमच्या चौकातल्या गजरेवाल्या शांतामावशींवर अन्याय झाला. सात सीटांच्या गाडीत एकटाच बसलेला साहेब त्यांच्यावर खेकसला, “तुमच्या टोपलीमुळेच ट्रॅफिक तुंबतं, उठा इथून!” धूर याच्या गाडीचा, आणि उठायचं मावशींनी?

आम्ही चौकातल्यांनी पत्रकं वाटवाटून मागितलेली, तिघं किंवा जास्त माणसं असलेल्या गाड्यांची वेगळी लेन आज सुरू झाली. भरलेल्या गाड्या झरझर निघाल्या. साहेब एकटाच, तुंबलेल्या रांगेत.

“साहेब, रिकाम्या सीटांवर गजरे ठेवू का?” मावशींनी विचारलं.

मी त्यांच्या टोपलीवरचं ओलं फडकं बघत होते. रोज दहालाच धुरानं काळवंडणारं ते फडकं आज बारालाही पांढरं होतं. शहराचा श्वास एवढ्याशा कापडावर दिसतो तर! जिंकलो आपण. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

आता उद्या गाडी काढण्याआधी तुम्ही शेजाऱ्याचं दार वाजवा.